गेनबा टेलरची उचकी

उचकीनं कुणाचं काही बिघडत नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमची तब्येत ठणठणीत आहे, एवढंच मी म्हणेन. भोरमध्ये उभा जन्म डॉक्टरकी केली. ताप पाहिले, साप-विंचू पाहिले, बाळंतपणं केली. पण दवाखान्यात पाऊल टाकताच बाकावरच्या सगळ्यांना हसू फुटावं असा आजार हा एकच. उचकीचा पेशंट आला की बाकीचे आपापली दुखणी विसरून त्याच्याकडे बघत बसतात. "कोण रं आठवण काढतंय तुजी?" असं कोणीतरी विचारतंच. तो बिचारा उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि उत्तराच्या जागी उचकी बाहेर पडते.

भोंगवलीच्या एका नवरदेवाला हळदीच्या दिवशी उचकी लागली. घाबरवलं की उचकी थांबते म्हणून मित्रानं धावत येऊन सांगितलं, "आरं, नवरी पळाली!" उचकी थांबली, पण नवरदेवानं त्या मित्राच्या अशी थोबाडीत दिली की टाके घालायला त्यालाच माझ्याकडे आणलं. अंगाला हळद तशीच, आणि हा टाके घालून होईपर्यंत मित्राचा हात धरून बसलेला. असल्या उचक्या मलाही आवडायच्या.

थोडं सोपं करून सांगते. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू ताणलेला असतो. आपला श्वास त्याच्या जोरावर चालतो. तो एकदम आखडला की हवा आत ओढली जाते आणि त्याच क्षणी घशातलं दार बंद होतं. ते दार आपटल्याचा आवाज म्हणजे उचकी. या स्नायूला हुकूम देणाऱ्या नसा मेंदूपासून निघून मानेतून, हृदयाच्या कडेनं खाली जातात. वाटेत कुठंही त्यांना डिवचलं की उचकी सुरू. भरपेट जेवलात, घाईनं पाणी प्यायलात, तर ती दहा-पंधरा मिनिटांत निवते. चमचाभर कोरडी साखर गिळायला लावतात त्यालाही अर्थ आहे. साखरेच्या खरखरीनं घशातल्या नसेला दुसरं काम मिळतं आणि ती उचकी विसरते.

पण उचकी दोन दिवस उलटून गेले तरी हटत नसेल आणि माणूस मधुमेहाचा असेल, तर मी हसत नाही. हे मला सारोळ्याच्या एका हॉटेलवाल्यानं शिकवलं. पुलाजवळ त्याचं हॉटेल होतं, अंगानं पैलवान, शुगर जुनी. उचकी घेऊन आला आणि वर मलाच म्हणाला, "मॅडम, तुमीच आठवण काढली असंल, पथ्य मोडतो म्हनून." छातीत दुखत नव्हतं, घाम नव्हता, तरी मला त्याच्या चेहऱ्याचा रंग आवडला नाही. ईसीजी काढला तर हृदयाच्या खालच्या बाजूला झटका येऊन गेलेला. जुन्या मधुमेहात दुखतंय हे सांगणारी नसच बधिर होते. मग शरीराला जे ओरडून सांगायचं ते कधीकधी उचकीतून सांगतं. त्याला तातडीनं पुण्याला धाडलं आणि तो वाचला. अजून भेटला की भजी बांधून देतो आणि स्वतः मात्र खात नाही म्हणून शपथ घेतो. ती खोटी असते.

हे सगळं मी गेनबा टेलरची गोष्ट सांगायची म्हणून सांगतेय. ती सांगायला मला जड जातं, म्हणून एवढी वळणं घेतली.

भोरचा दवाखाना मी आता बंद केलाय. वेल्ह्याची पेशंट बघायची खोली मात्र सोडवत नाही. बाजाराच्या दिवशी कापूरहोळ, नसरापूर करत एसटीनं जाते आणि तोरण्याच्या सावलीत संध्याकाळपर्यंत बसते. तालुक्याचं नाव आता बदललं, कागदावर राजगड झालं, पण एसटीत तिकीट मागताना सगळे वेल्हंच म्हणतात. माझ्या खोलीला लागून गेनबा टेलरचं दुकान. मधे फक्त फळ्यांची भिंत. दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांचं घर, तिथं ते आणि त्यांची बायको चांगुणाबाई. दिवसभर त्यांची मशीन माझ्या कानाशी चालायची. पेशंटची छाती तपासायची असली की मी फळीवर टकटक करायची, ते पायडलवरचा पाय उचलायचे. तपासून झालं की पुन्हा टकटक. एकमेकांचं तोंड न बघता आमचा हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला. त्यांची शुगर जुनी, गोळ्याही माझ्याच. माणूस कडक आणि कमी बोलणारा, पण टीप सरळ म्हणजे सरळ.

एका बाजाराला मशीनचा आवाज वेगळा यायला लागला. चालायची, थांबायची. चालायची, थांबायची. मधे एक बारीक ठसका. दुपारी मी जाऊन बघितलं तर टेलर मशीनवर बसलेले, पुढ्यात कुणाचा तरी लेंगा, आणि टीप जिथं उचकी लागली तिथं तिथं बाजूला सरकलेली. त्यांच्या हातून वाकडी टीप मी पहिल्यांदाच बघत होते.

"टेलर, कधीपासून हे?"

"मागल्या बाजारापासनं," आतून येत चांगुणाबाई म्हणाल्या. "जेवान पोटात ठरंना. डोळ्याला डोळा न्हाई. आन् मानूस काय सांगतोय का कुनाला?"

"मला का नाही बोलावलं?"

"उचकीला डागदर बोलवायचा व्हय?" टेलर म्हणाले आणि त्यांना उचकी लागली.

दुकानात चार बायका बसलेल्या. चांगुणाबाईंनी पाण्याचा तांब्या नवऱ्याच्या हातात दिला आणि आपल्याकडे लहान मुलांच्या उचकीला करतात तसं करायला लागल्या. एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली असं समजायचं.

"नसरापूरच्या वन्सं?" उचकी. "मार्गासनीचा भाचा?" उचकी. "पानशेतचं साडू?" उचकी. बायकाही नावं सुचवत होत्या. गावातली, गावाबाहेरची सगळी नावं संपली. मग चांगुणाबाई जरा थांबल्या आणि खाली बघत अगदी हळू म्हणाल्या, "दत्ता?"

उचकी थांबली.

दत्ता हा त्यांचा एकुलता एक मुलगा. टेलरनी त्याला लहानपणापासून मशीनवर बसवलेलं, पण त्याचा जीव जेसीबीत. एका दसऱ्याला टेलरनी मशीन पुसून, हळदकुंकू वाहून पूजा मांडली आणि पोराला म्हणाले, फूल वाहा, आता ही तुझी. पोरगा म्हणाला, माझी पूजा मी तिकडं जेसीबीची करून आलो. एवढंच झालं. पण सगळ्या आळीसमोर झालं. टेलरनी हातातली झेंडूची माळ फेकून दिली आणि म्हणाले, परत या दारात पाय ठेवायचा नाही, आणि या घरात तुझं नाव निघायचं नाही. तो कुठल्याशा ठेकेदाराबरोबर गेला. आधी गुजरातला आहे म्हणून कळलं, मग कर्नाटकात, मग मोबाईल बंद. घरात त्याचं नाव खरोखरच निघालं नाही. आळीतल्या लोकांनीही टेलरसमोर ते कधी घेतलं नाही.

आणि आता ते नाव घेताच उचकी थांबली होती. बायकांनी हात जोडले. चांगुणाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "हाय बया, हाय! जित्ता हाय माजा लेक. बापाची आठवण काढतुया!"

मी मात्र डॉक्टर. माझी नजर टेलरच्या छातीवर होती. छाती हलत नव्हती. पोराचं नाव कानावर पडलं आणि त्या माणसानं श्वास रोखून धरला होता. श्वास रोखला की उचकी घटकाभर थांबते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यांनी श्वास सोडला आणि थोड्या वेळानं उचकी पुन्हा लागली. पण तोवर चांगुणाबाई देव्हाऱ्यापुढं दिवा लावायला गेल्या होत्या. कुणी सांगावं, खरंच आठवण काढत असेलही. माझ्या स्टेथोस्कोपला ते ऐकू येत नाही.

त्या दिवसापासून त्या दुकानाचं देऊळ झालं. उचकी लागली की चांगुणाबाई म्हणायच्या, "दत्ता." टेलर श्वास धरायचे, उचकी थांबायची, सुटायची. बघायला माणसं यायची, आणि आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही ही आपल्याकडची रीत. ज्यानं त्यानं उचकीचा रामबाण आणला. कोणी साखरेचा पुडा, कोणी सुंठ-गूळ. पाल बुद्रुकच्या एका म्हाताऱ्यानं मोरपीस जाळून त्याची राख मधात कालवून आणली. जो येईल तो आपल्या हातानं एक चमचा भरवून जायचा, आणि मायेनं भरवणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही. पुढच्या बाजाराला मी रक्तातली साखर तपासली, तर माझ्या मशीनवर आकडा चारशेच्या वर.

मी चिडले. मी चिडते, हे भोर-वेल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. "चांगुणाबाई, उचकीवर औषध म्हणून तुम्ही मधुमेहाच्या माणसाला साखर चारताय? साखर इतकी चढली की उचकी आणखी वाढते!" दुकानातले सगळे पुडे उचलून मी बाहेर ठेवले. त्या मोराच्या राखेची डबीसुद्धा. म्हातारा माझ्यावर अजून रागावून आहे.

मग माझं काम सुरू झालं. सारोळ्याचा धडा होता, म्हणून आधी ईसीजी. तो बरा निघाला. साखर इन्सुलिननं खाली आणली तरी उचकी जाईना. दोन घास खाल्ले की पोट दगडासारखं व्हायचं, म्हणजे जठर मंदावलेलं. अशा पोटाला पुढं ढकलणारी मेटोक्लोप्रामाइड नावाची गोळी असते, ती मी अगदी कमी सुरू केली. उचकी थोडी कमी झाली, पण चार दिवसांत टेलरचे पाय स्वस्थ राहीनात. बाजेवर बसल्या बसल्या पाय खालीवर. चांगुणाबाईंना वाटलं, मशीनची सवय, पायडल मारतायत. ते त्या गोळीचं काम होतं. काही जणांना ती अशी बेचैन करते. मी ती बंद केली.

तोवर रक्ताचा रिपोर्ट आला. किडनी बरीच गेलेली. उचकीचं मूळ तिथं होतं. किडनी जी घाण बाहेर टाकते ती रक्तात साठली की नसांना डिवचत राहते.

आता औषध निवडायचं म्हणजे काय, ते बघा. उचकीवरचं जुनं नावाजलेलं औषध क्लोरप्रोमाझिन. त्यानं गुंगी येते आणि रक्तदाब पडतो. टेलर उठून उभे राहिले की आधीच त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. ते औषध दिलं असतं तर उचकी थांबली असती आणि माणूस मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलं असतं. दुसरं बॅक्लोफेन. चांगलं औषध, पण ते किडनीवाटे बाहेर जातं. किडनी बंद असलेल्या माणसात ते साठत जातं आणि माणूस बरळायला लागतो, झोपेतून उठत नाही. तिसरं गॅबापेंटिन. तेही किडनीवाटेच जातं, पण चिमूटभर डोसवर ठेवून सांभाळता येतं. पुण्यातल्या किडनीच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले. ते म्हणाले, सगळ्यात छोटी गोळी, रोज रात्री एकच, गुंगीवर लक्ष ठेवा, आणि पेशंटला डायलिसिससाठी इकडं पाठवा. हे वाचून कुणी दुकानातून गोळ्या आणून घेऊ नका. एकाला उतारा ठरतं ते दुसऱ्याला घातक असतं, एवढंच मला सांगायचंय.

गोळी चांगुणाबाईंच्या हातात दिली. "रोज झोपताना एक. चुकवायची नाही."

त्यांनी ती पदरात धरली आणि म्हणाल्या, "बाई, उचकी थांबली तर आमाला कसं कळायचं, दत्ता हाय का न्हाई ते?"

मग त्याच म्हणाल्या, "न्हाई, न्हाई, देते मी. ह्यांचं हाल बघवत न्हाईत." आणि त्या खरंच देत होत्या, रोज, पाण्याच्या फुलपात्रासकट.

तरी उचकी कमी होईना. टेलर वाळत चालले. सदऱ्याच्या गळ्यात मान खुंटीसारखी दिसायला लागली. भाकरीचा तुकडा गिळायच्या आत उचकी लागायची आणि घास बाहेर यायचा. गोळी लागू पडत नाही म्हणून डोस वाढवावा का, याचा मी विचार करत होते. वाढवला असता तर किडनीनं काय केलं असतं याची भीतीही होती.

त्या बाजाराला माझ्या पांढऱ्या कोटाचं बटण तुटलं. पेशंट नव्हते म्हणून मी शेजारी गेले. चांगुणाबाई भाजी आणायला गेलेल्या. टेलर मशीनजवळ भिंतीला टेकून बसले होते. मी बटण मागितलं तर ते सवयीनं म्हणाले, "त्या खनात बगा, पांढरी हायेत."

खण उघडला. शर्टाची पांढरी बटणं होती, आणि त्यांच्यात मिसळून माझ्या पांढऱ्या गोळ्या. सगळ्याच्या सगळ्या.

"टेलर, हे काय?"

त्यांना त्या क्षणी आठवलं असावं. चेहरा उतरला. "बाई, तिला सांगू नका."

"का घेतल्या नाहीत? मरायचंय का तुम्हाला?" माझा आवाज चढला होता.

दोन-तीन उचक्या गेल्या. मग ते बाहेरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "उचकी थांबली की ती त्याचं नाव घ्यायची न्हाई."

मी खुर्चीवर बसले.

"म्याच बंदी घातली व्हती, सगळ्या आळीत. आता कुठल्या तोंडानं सांगू, घे म्हनून? उचकी लागली आन् आपसूक निघालं बगा. दिसातनं कितींदा कानावर पडतंय. लई वरसं घरात नव्हतं पडलं." पुन्हा उचकी. "येवढं ऱ्हाऊ द्या, बाई. दुसरं काय मागत न्हाई."

इतकी वर्षं फळीपलीकडं बसलेला हा माणूस. मी त्याला कडक समजत होते. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की मी रागच काढते. म्हटलं, "नाव घ्यायला उचकी कशाला पाहिजे? तिला सांगा, मला ऐकायचंय. दोन शब्दांचं काम आहे. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलीत, स्वतःच्या बायकोशी दोन शब्द बोलवत नाहीत तुम्हाला?"

"सांगतो," ते म्हणाले.

"आजच सांगा. आणि ही गोळी आत्ता माझ्यासमोर घ्या."

त्यांनी घेतली. मी चांगुणाबाईंना सांगणार नाही असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला. ते स्वतःच सांगणार होते, म्हणून मी दिला.

पुढच्या बाजाराला मी आले तर भिंतीपलीकडे उचकी नव्हती. गोळीनं काम केलं होतं. टेलर गाढ झोपले होते. ताकात कालवलेली भाकरी पोटात ठरली होती. डॉक्टर म्हणून इतकी छान सकाळ मला फार वेळा मिळालेली नाही. चांगुणाबाई दारात बसल्या होत्या. मला वाटलं, पाया पडायला उठतील, नेहमी पडायच्या. त्या उठल्या नाहीत.

"बाई," त्या म्हणाल्या, "आठवन काढायचा थांबला का वो त्यो?"

मी म्हटलं, "असं नसतं, चांगुणाबाई. औषधानं थांबलीय. तुम्ही नाव घेत चला ना, उचकी असो नसो."

"आता कशाला? ह्यांस्नी आवडत न्हाई. उचकीचं निमित्त व्हतं म्हनून खपत व्हतं." मग पदरानं तोंड पुसलं. "आन् घेतलं नाव आन् काय झालंच न्हाई, मंग?"

मी आत जाऊन टेलरना हलवलं. विचारलं, "सांगितलंत का?" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. "सांगतो," म्हणाले. मी दर बाजाराला विचारायची आणि ते दर वेळी सांगतो म्हणायचे. त्या आत चुलीपाशी, ते बाहेर बाजेवर, मधे एक उंबरठा. दोघांच्याही ओठांवर तेच नाव होतं आणि दोघंही दुसऱ्याला दुखवायचं नाही म्हणून गप्प होते. इतकं शांत घर मी दुसरं बघितलं नाही.

मी माझ्या परीनं दत्ताला शोधलं. नसरापूरच्या जेसीबीवाल्यांना विचारलं, त्यांनी आणखी कुणाला. कोणी म्हणालं, कर्नाटकातून पुढं गेला. पुढं म्हणजे कुठं, ते कुणालाच सांगता आलं नाही. डायलिसिसला टेलर थोडे दिवस पुण्याला गेले. मग नको म्हणाले. "जन्मभर म्या मशीन चालवली, आता मशीननं मला चालवायचं का?" असं म्हणून हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच बघितलं. उन्हाळा संपायच्या आत ते गेले. शेवटच्या दिवशीही उचकी नव्हती. औषध चोख होतं.

चांगुणाबाईंना नंतर मी खण उघडून गोळ्यांचं सगळं सांगितलं. माणूस गेला म्हणजे मी दिलेला शब्दही संपला असं मला वाटलं. खरं तर तो आधीच मोडायला हवा होता, पण ते आता बोलून काय उपयोग. सांगितलं की त्यांचं मन हलकं होईल, अशी माझी समजूत होती.

"म्हंजी त्येंना ऐकायचं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् मी गप ऱ्हायले." त्या बटणांच्या खणात हात फिरवत बसल्या. मन हलकं झालं नाही. मला कुणाचंही मन हलकं करता येत नाही, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं. गोळ्या तेवढ्या देता येतात.

आता चांगुणाबाईंनाही शुगर निघालीय. बाजाराच्या दिवशी त्या सगळ्यात शेवटी येतात. मशीन झाकून ठेवलीय, फळीपलीकडून काही आवाज येत नाही, तरी छाती तपासताना माझा हात अजून टकटक करायला उठतो. एकदा त्यांचा रक्तदाब बघून झाला, गोळ्या पिशवीत घातल्या, आणि तरी त्या उठेनात. इकडंतिकडं बघितलं. बाहेर कुणी नाही याची खात्री केली. मग लहान पोरीनं काही मागावं तसं लाजत विचारलं,

"बाई, उचकी थांबायची गोळी आसती. तशी उचकी लागायची आसती का वो एखादी?"

मी नाही म्हणून सांगितलं. त्या बरं म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

त्या दिवसापासून मी एक करते. कुठल्याही पुस्तकात हा उपचार नाही. त्या आल्या की मी त्यांना स्टुलावर बसवते, पाठीला स्टेथोस्कोप लावते आणि सहज विचारल्यासारखं विचारते, "दत्ताचं काही कळलं का?" उत्तर आम्हा दोघींना माहीत असतं. पण नाव कानावर पडतं, आणि नळीतून येणारा श्वासाचा आवाज एकदम बंद होतो. मी थोडा वेळ तशीच थांबते. मग मलाच म्हणावं लागतं, "चांगुणाबाई, श्वास घ्या."